नाशिकमध्ये घरचा कचरा नेमका कोणाला द्यायचा: ओल्या डब्यापासून भंगारापर्यंत

नाशिकमध्ये रिसायकलिंग सेंटर कुठंय असं कोणी विचारलं की मी उलटा प्रश्न टाकतो, द्यायचंय काय? कारण एक मोठं गेट, आत रंगीत डबे, टाका आणि निघा, असली जागा शोधत बसलात तर मोबाईलवर मॅप फिरवत राहाल आणि कचरा बाल्कनीतच पडून राहील. आपल्याकडे हे काम बऱ्याच लोकांत वाटलेलं आहे. पेपर-पुठ्ठा रद्दीवाल्याकडे, लोखंड-पत्रा भंगारवाल्याकडे, जुनं तांबं-पितळ भांडी बाजारात, साड्या बोहारणीला, इन्व्हर्टरची बॅटरी जिथून नवी घेणार त्याच दुकानात, आणि जे कोणीच घेत नाही ते घंटागाडीत. यातले बहुतेक पत्ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतात, फक्त कोणती वस्तू कोणाची हे माहीत पाहिजे आणि ती त्याला लागते तशी, म्हणजे कोरडी आणि वेगळी करून, द्यायला पाहिजे.

आणि हे सगळं ओल्या कचऱ्यापासून सुरू होतं. ओलं बाजूला काढलं नाही तर पुढचं सगळं वाचून काही उपयोग नाही.

पहिलं काम: आठवडाभर नुसता डबा बघा

नवीन डबे आणू नका, ऑनलाईन काही मागवू नका. रोज रात्री डबा बाहेर ठेवायच्या आधी एकदा आत बघायचं, बस. आठवड्याच्या शेवटी कळतं की वजनाने निम्म्याहून जास्त माल म्हणजे भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, उरलेलं अन्न. आकाराने मात्र डबा भरतो तो पिशव्या, पाकिटं, ऑनलाईन ऑर्डरचे खोके यांनी. म्हणजे वजन कमी करायचं असेल तर खत करा आणि डबा लवकर भरतोय ही तक्रार असेल तर पाकिटं कमी करा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक नेहमी त्या एकत्र करतात.

मग डब्यांचं. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून ओला, सुका आणि घरगुती घातक असं वेगळं द्यायला सांगितलेलं आहेच, आता २०२६ च्या नवीन नियमांत, जे १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत, चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी (पॅड, डायपर) आणि विशेष काळजीचा. घाबरू नका, चार मोठे डबे मांडायला जागा लागत नाही. ओट्याखाली ओल्याचा झाकणाचा छोटा डबा, गॅलरीत दाराच्या कडीला सुक्याची एक मोठी गोणी (कांद्याची जाळीची गोणी सगळ्यात भारी, हवा खेळते आणि आत काय आहे ते दिसतं), बाथरूममध्ये सॅनिटरीसाठी एक छोटा डबा, आणि कपाटाच्या वर एक बुटाचा खोका, त्यात सेल, बल्ब, जुनी औषधं. बुटाचा खोका महिनोन्महिने भरत नाही.

ओला कचरा: घरातच जिरवा

घंटागाडी नाशिकला नव्वदच्या दशकातच सुरू झाली, बाकीच्या शहरांनी नंतर बघून बघून घेतली, त्यामुळे आपल्याला सवय अशी लागलीये की गाडी येते, डबा ओततो, विषय संपला. तो कचरा जातो पाथर्डी-विल्होळीकडच्या खत प्रकल्पावर. तिथे ओल्याचं कंपोस्ट होतं, आणि त्याच बाजूला जर्मन सहकार्याने उभा केलेला एक प्रकल्पही आहे ज्यात हॉटेलांचं उरलेलं अन्न आणि शौचालयांचा मैला एकत्र कुजवून गॅस आणि त्यावर वीज तयार करतात. व्यवस्था आहे, पण तुमच्या डाळीत भिजलेला पेपर आणि पेपरात गुंडाळलेली डाळ तिथे कोणी वेगळी करत बसणार नाही. ते तुमच्या ओट्यावरच व्हायला पाहिजे.

घरी खत करायला महागडं किट लागत नाही. रंगवाल्याकडून डिस्टेंपरच्या वीस लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या झाकणासकट घ्या. चांगल्या घासून धुवा. गरम सळईने बाजूला चारी अंगांनी आणि बुडाला भोकं पाडा, करंगळी जाईल एवढी नको, पेन्सिल जाईल एवढी. बादली दोन विटांवर ठेवा आणि खाली जुनी परात, कारण सुरुवातीला थोडं पाणी गळतं.

आता भरायचं कसं. सगळ्यात खाली नारळाच्या शेंड्या विस्कटून चार बोटं जाड थर. त्यावर मूठभर तयार खत किंवा कुठल्याही कुंडीतली माती, आणि वाटीभर आंबट ताक शिंपडलं तर काम लवकर सुरू होतं. मग रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकायचा, अख्खी कोबीची पानं आणि अख्खं केळ्याचं साल टाकलं तर ते महिनाभर तसंच तुमच्याकडे बघत राहतं. एक वाटी ओल्यावर दोन वाट्या सुका पाला, आकाराने, वजनाने नाही. हा सुका पाला म्हणजे सगळा खेळ आहे. ओल्यात नायट्रोजन, पाल्यात कार्बन, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन नायट्रोजनच्या पंचवीस-तीस पट लागतो, म्हणून पाला कमी पडला की वास सुटलाच म्हणून समजा.

पाला कुठून आणायचा? फेब्रुवारी-मार्चमध्ये गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकला नुसता खच पडलेला असतो, झाडणारे मामा किंवा मावशी ढीग लावतात, त्यांना सांगून दोन गोण्या भरून घ्या, त्या पावसाळाभर पुरतात. नाहीच जमलं तर लाकडाचा भुसा, पण सुताराकडून घेताना साध्या लाकडाचा बघून घ्या, प्लायवूडचा नको, त्यात गोंद आणि केमिकल असतं.

दोन-तीन दिवसांनी एकदा काठीने वर-खाली करा. एक बादली भरली की झाकून बाजूला ठेवा आणि दुसरी सुरू करा, दुसरी भरेपर्यंत पहिलीतलं काळं, भुसभुशीत आणि पावसाच्या मातीसारखं वास येणारं झालेलं असतं. उन्हाळ्यात दीड-दोन महिने, थंडीत आणि पावसाळ्यात जरा जास्त. चाळून घ्यायचं, वर राहिलेलं जाडंभरडं पुन्हा बादलीत.

अडचणी ठरलेल्या असतात. सडका वास येतोय म्हणजे ओलं जास्त झालंय, पाला टाका, हलवा, एक दिवस झाकण अर्धं उघडं. मुंग्या लागल्या म्हणजे कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. चिलटं झाली म्हणजे वरचा थर उघडा राहिलाय, रोज शेवटी पाल्याने झाकायचं. जाड्या करड्या अळ्या दिसल्या की घरात किंचाळ्या सुरू होतात, पण त्या बहुतेक वेळा खत करणाऱ्याच माशीच्या अळ्या असतात, त्या चावत नाहीत, उलट भराभर खातात. मात्र बघवत नसेल तर पाला वाढवा, कोरडं झालं की त्या कमी होतात. हाडं, मासे, तेलकट रस्सा, दूध-दह्याचं काही (सुरुवातीचं वाटीभर ताक सोडून) या बादलीत नको, ते सरळ घंटागाडीच्या ओल्या कप्प्यात द्या. लिंबाच्या आणि संत्र्याच्या सालींचा डोंगर पण नको, थोड्या चालतात. द्राक्षाच्या सीझनमध्ये घरात येणारे घडांचे देठ आणि खराब मणी मस्त कुजतात, फक्त मण्यांना पाणी फार, त्या दिवसांत पाला दुप्पट.

एक सावध करतो: कचऱ्याच्या ज्या पिशव्यांवर कंपोस्टेबल वगैरे लिहिलेलं असतं त्या तुमच्या बादलीत विरघळत नाहीत, त्यांना मोठ्या प्रकल्पातलं तापमान लागतं. ओल्या डब्याला आतून जुना पेपर घडी करून लावा आणि तो पेपरही खतात जाऊ द्या.

रद्दीवाला कसा शोधायचा आणि त्याला काय द्यायचं

ओलं वेगळं झालं की उरलेल्या गोणीला वास येत नाही, त्यामुळे ती महिनाभर गॅलरीत राहिली तरी कोणाची तक्रार नाही, आणि इथेच तुम्हाला सवड मिळते.

मॅपवर शोधताना रिसायकलिंग असं टाकलं तर एमआयडीसीतले कारखाने येतात, ते दहा किलोसाठी दार उघडणार नाहीत. ‘रद्दी डेपो’, ‘पेपर मार्ट’, ‘स्क्रॅप’ असं टाका. पण खरी माहिती मॅपवर नसतेच, ती असते किराणावाल्याकडे. त्याच्या दुकानातून रोज खोके निघतात आणि ते कोणीतरी उचलतं, त्या माणसाचा नंबर घ्या. दुसरा मार्ग म्हणजे सकाळी हातगाडी घेऊन ओरडत जाणारा माणूस, त्याला विचारा माल कुठल्या दुकानात टाकतो. त्या दुकानात थेट गेलात तर दर थोडा जास्त, हातगाडीवाल्याला दिलात तर घरपोच सोय आणि त्याला दोन पैसे. मी नेहमी हातगाडीवाल्यालाच देतो, जिने उतरवायचे कष्ट त्याचे.

अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार तुम्ही ऐकला असेल, दोन्ही औद्योगिक वसाहतींचा माल तिथे यायचा, महापालिकेने २०१७ मध्ये मोठी कारवाई करून तो हटवला होता. घरगुती मालासाठी तिकडे जायची काही गरज नसते. गल्लीतला रद्दीवाला माल वेगळा करून मोठ्या व्यापाऱ्याला देतो, तो गाठी बांधून पुढे कारखान्याला. तुमचं काम पहिल्या पायरीपर्यंतच.

पहिल्यांदा जाल तेव्हा पाच मिनिटं तिथे उभे राहून त्याचा हात बघा. आमच्याकडचा रद्दीवाला शाम्पूची बाटली हातात घेतो, अंगठ्याने दाबतो, वाकली तर एका ढिगात, कटकन आवाज आला तर दुसऱ्या. पाण्याच्या बाटलीचं बूच फिरवून वेगळ्या डब्यात फेकतो, कारण बाटली एका प्लास्टिकची आणि बूच दुसऱ्याचं, दोन्ही एकत्र वितळवली तर माल खराब. वायर दिसली की दातात धरून टोक सोलतो, तांबं आहे की अॅल्युमिनियम ते बघायला. हे सगळं तो कोणाकडून शिकलेला नाही आणि प्लास्टिकवरचा त्रिकोणातला आकडाही बघत नाही. तुम्ही मात्र बघू शकता: १ म्हणजे पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या बाटल्या, २ म्हणजे शाम्पू, फिनाईलचे जाड डबे, ५ म्हणजे जेवणाच्या पार्सलचे पांढरे-काळे डबे, बादल्या. १, २ आणि ५ बहुतेक सगळीकडे चालतं. ३ म्हणजे पीव्हीसी, पाईपचे तुकडे, ते विचारून. ४ म्हणजे दुधाच्या पिशव्या आणि नरम पिशव्या. ६ म्हणजे थर्माकोल आणि तसलेच डबे, बहुतेक कोणी हात लावत नाही, वजनच नाही त्याला. ७ म्हणजे उरलेलं सगळं, त्याचं काही सांगता येत नाही.

देताना काय करायचं: पेपर वेगळा, वह्या-पुस्तकं वेगळी, पुठ्ठा वेगळा. पेपरला पुठ्ठ्यापेक्षा जास्त दर मिळतो, एकत्र गठ्ठा बांधलात तर तो सगळ्याला पुठ्ठ्याचा दर लावेल आणि त्यात त्याची चूक नाही. खोक्यावरची चिकटपट्टी ओढून काढा, घडी मोडून सपाट करा. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट तळ फाडून ओल्यात, वरचं कोरडं झाकण रद्दीत. दुकानाची गुळगुळीत बिलं, जी नखाने घासली की काळी होतात, ती रद्दीत नको, त्यांवर केमिकलचा थर असतो. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता राहू द्या, कारण तो नखाएवढा तुकडा कोणी वेचत नाही आणि गटारात जातो. पिशवी धुवायची, दोरीवर वाळवायची, घडी करून ठेवायची, शंभरेक जमल्या की रद्दीवाला आनंदाने घेतो. पार्सलचे डबे भांडी घासल्यावर उरलेल्या त्याच पाण्यात खंगाळले तरी पुरे, त्यासाठी वेगळा नळ सोडायचा नाही.

काच हा नावडता माल. जड, फुटते, दर नाही. पण तुम्ही पेपर आणि लोखंडाबरोबर चार बाटल्या दिल्यात तर तो नाही म्हणत नाही, नुसती काच घेऊन गेलात तर तोंड फिरवेल. फुटलेली काच पेपरात जाड गुंडाळून, वर ‘काच’ असं मोठं लिहून, घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून द्यायची. डब्यात टाकायची नाही, त्या माणसांचे हात आहेत.

पेपर-पुठ्ठा मे संपायच्या आत काढून टाका. जूनचा दमट वारा सुरू झाला की गठ्ठ्याला ओल धरते आणि मग रद्दीवाला वजनात कापतो.

जे कोणीच घेत नाही

चिप्स, बिस्किटं, गुटखा-मसाला, शाम्पूची पुडी यांची आतून चकचकीत पाकिटं म्हणजे प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटवलेले, ते वेगळे होत नाहीत म्हणून विकत कोणी घेत नाही. ही कोरडी पाकिटं घंटागाडीच्या सुक्या कप्प्यात द्या, असा माल सिमेंटच्या भट्ट्यांना जळण म्हणून जाऊ शकतो, पण ओला झाला की त्याचाही उपयोग संपतो. ज्यूसचे, ताकाचे खोके (टेट्रापॅक) कापून, धुवून, सपाट करून द्या, काही मोठे रद्दीवाले घेतात. थर्माकोल तोडून चुरा करू नका, अख्खा द्या, नाहीतर सगळ्या गल्लीत पांढरे दाणे उडतात.

आणि जाळायचं तर अजिबात नाही. थंडीत कचऱ्याची शेकोटी करणारे अजून आहेत, पाल्याबरोबर प्लास्टिकही ढकलतात.

भांडी बाजार, बोहारीण, गोधडी

या भागात आपण सगळ्या जगाच्या पुढे होतो आणि मध्ये विसरलो. जुन्या नाशकात सराफ बाजाराला लागून भांडी बाजार आहे, तिथे तांब्या-पितळेची जुनी भांडी वजनावर मोड म्हणून घेतात आणि नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करतात. गल्लीतल्या भंगारवाल्याला पितळेचा हंडा देण्याआधी तिथे एक चक्कर मारा, दरात फरक पडतो. आणि मोडीत काढायच्या आधी विचारा की कल्हई करून वापरता येईल का. स्टीलची गळकी भांडी मात्र भंगारातच.

कपड्यांचं असं की चांगले, धुतलेले, बटणं शाबूत असलेले कपडे माणसाला द्यायचे, म्हणजे घरकामाच्या ताई, वॉचमन, बांधकामावरची कुटुंबं, पण आधी विचारून, गाठोडं पुढ्यात टाकून नाही. त्याखालचे, म्हणजे साड्या, पँट, चादरी, बोहारणीला, ती अजून येते, दुपारच्या वेळेला, आणि घासाघीस करायला तुमच्यापेक्षा तयार असते. ती कपडे धुवून, दुरुस्त करून जुन्या बाजारात विकते, म्हणजे तुमची साडी खरंच दुसऱ्या अंगावर जाते. सुती नरम साड्या मात्र ठेवा, गोधडी शिवून देणाऱ्या बायका सिडको, पंचवटीत, आजूबाजूच्या गावांत आहेत, चार-पाच साड्यांत एक होते. उरलेल्या चिंध्या गॅरेजवाल्याला, त्याला हात आणि इंजिन पुसायला सुती कापड कायम लागतं. त्याला नायलॉन देऊ नका, तेल टिपत नाही.

केंद्र सरकारच्या मोहिमेत २०२३ च्या मे महिन्यात शहराशहरांत ‘आरआरआर’ (रिड्यूस, रियूज, रिसायकल) सेंटर उघडली होती, कपडे, पुस्तकं, खेळणी, जुन्या वस्तू जमा करायला. तुमच्या विभागात सध्या कुठे घेतात ते महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आरोग्य विभागाला विचारा. नाशिकचे सहा विभाग आहेत, पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक म्हणजे सिडको, आणि नाशिकरोड, घरपट्टीच्या बिलावर तुमचा कोणता ते लिहिलेलं असतं. थेट शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, जाऊ नका, ते तुम्हाला परत विभागाकडेच पाठवतील.

मोबाईल, चार्जर, टीव्ही: इथे घाई नको

जुना मोबाईल भंगारवाल्याला दिला की दोन-पाचशे हातात येतात आणि बरं वाटतं. पुढे होतं काय, तर वायरी जाळून तांबं काढतात, सर्किटची पाटी ॲसिडात टाकून सोनं-चांदी काढतात, आणि ॲसिड नाल्यात. आपल्याकडे नाला म्हणजे नासर्डी किंवा वाघाडी आणि पुढे गोदावरीच.

आधी दुरुस्ती. एमजी रोडला मोबाईलची बॅटरी, स्क्रीन बदलून देणारे ढिगाने आहेत, मिक्सर आणि पंखा दुरुस्त करणारा प्रत्येक जुन्या कॉलनीत एक तरी असतोच. दुरुस्त होत नसेल तर नवीन घेताना एक्स्चेंजमध्ये द्या. तेही नाही तर कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून परत घ्यायची सोय विचारा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यात विकलेल्या मालाच्या प्रमाणात जुना माल रिसायकल करून घ्यायची जबाबदारी कंपनीवर आहे. आणि कोणी ‘आम्ही ई-वेस्ट घेतो’ म्हणत सोसायटीत आला तर त्याच्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी मागा. मंडळाच्या वेबसाईटवर अधिकृत रिसायकलरची यादी असते, आणि त्यांचं प्रादेशिक कार्यालय आपल्याकडे सातपूरला, त्र्यंबक रोडवर आयटीआयजवळ उद्योग भवनात आहे. नाव यादीत नसेल तर चहा पाजा आणि परत पाठवा.

देण्याआधी मोबाईल फॅक्टरी रिसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा, बँकेची ॲप आधी लॉगआउट करा. हार्ड डिस्क देत असाल तर नुसतं डिलीट करून चालत नाही, पूर्ण फॉरमॅट करून (क्विक फॉरमॅट नाही) किंवा सरळ भोक पाडून द्या.

फुगलेली बॅटरी ही वेगळीच भानगड आहे. ती घंटागाडीत कधीच नको, दाबली गेली की पेट घेते आणि गाडीत सुका पुठ्ठा भरलेला असतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, एकेक वेगळी, धातूपासून लांब ठेवा आणि लवकरात लवकर सर्व्हिस सेंटरला द्या. इन्व्हर्टर आणि गाडीच्या बॅटरीची अडचण नाही, नवीन घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करतोच, तेवढं बिलावर लिहून घ्या.

ट्यूब आणि सीएफएलमध्ये थोडा पारा असतो, फोडू नका, जुन्या खोक्यात घालून वेगळं सांगून द्या. मुदत संपलेल्या गोळ्या आणि सिरप बेसिनमध्ये ओतू नका, हे सगळं त्या बुटाच्या खोक्यातलं, विशेष काळजीचं म्हणून द्यायचं. घरात इन्शुलिन घेणारं कोणी असेल तर सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, बूच घट्ट लावून. पॅड आणि डायपर पेपरात गुंडाळून वर लाल पेनाने मोठा ठिपका, म्हणजे गाडीवरच्या माणसाला न उघडता कळतं.

आणायचंच कमी: मिसळीपासून सुरुवात

रविवारी मिसळ पार्सल आणा आणि खायच्या आधी ओट्यावर मांडून बघा. रस्स्याची पिशवी, तर्रीची वेगळी, मटकीची वेगळी, फरसाण वेगळं, कांदा-कोथिंबीर-लिंबू एकात, दही एकात, पापडाला लांब पिशवी, पावाला एक, आणि सगळ्यांना पोटात घेणारी एक. दोन माणसांच्या नाश्त्याला एवढा पसारा, आणि रस्सा लागल्यामुळे यातली एकही पिशवी रद्दीवाला घेत नाही. त्यापेक्षा कप्प्यांचा डबा आणि झाकणाची किटली घेऊन जा. गर्दीच्या वेळेला, म्हणजे नऊ ते अकरा, काउंटरवरचा पोरगा वैतागतो हे खरं, म्हणून आठला जा किंवा आधी फोन करून सांगा. एक-दोनदा गेलात की तोच ओळखतो, आणि भांड्यात दिलेला रस्सा पिशवीपेक्षा नेहमी जास्तच असतो हा माझा अनुभव.

भाजीला कापडी पिशव्या सगळे नेतात, पण आत परत मिरचीला एक, कोथिंबिरीला एक, लिंबांना एक असं चालू असतं. जुन्या ओढणीच्या किंवा मच्छरदाणीच्या जाळीच्या छोट्या नाडीच्या पिशव्या शिवून घ्या, टेलर जुजबी पैशात देतो. राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे, देशात एकदा वापरायच्या प्लास्टिकवर १ जुलै २०२२ पासून, आणि १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग २०२२ संपतानाच बंद झाली, तरी भाजीवाला पिशवी काढतोच कारण आपण हात पुढे करतो.

किराणा सुटा घ्या. डाळ-तांदूळ-पोहे अजूनही गोणीतून मोजून देणारी दुकानं जुन्या नाशकात आणि प्रत्येक उपनगरात आहेत. घाण्याचं तेल घेत असाल तर घरचा कॅन न्या. बारसं, वाढदिवस, वास्तुशांतीला मंडपवाल्याकडून स्टीलची ताटं-वाट्या भाड्याने मिळतात, घासणारी बाईही तोच पाठवतो. सिंहस्थाचे दिवस आहेत, २०२७ ला घरोघरी पाहुण्यांच्या पंगती उठणार, तेव्हा कागदी प्लेटांचे गठ्ठे आणायच्या आधी ताटांचं बुकिंग करा, नंतर मिळणार नाहीत. कागदी कपही नकोत, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून ना ते रद्दीत जातात ना खतात.

सणांचा कचरा थोडा वेगळा. हार-फुलं बादलीत चालतात, फक्त दोरा, जरी, प्लास्टिकचे मणी काढून. गणपती शाडूचा घ्या आणि घरीच बादलीत विसर्जन, ती माती पुढच्या वर्षी कुंडीला. पीओपीची मूर्ती आलीच असेल तर अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ती विरघळते, महापालिका गणपतीत ही पावडर वाटत आलीये, विभागीय कार्यालयात आठवडाभर आधी चौकशी करा. गोदाकाठी विसर्जनाला गेलातच तर ‘देव द्या, देवपण घ्या’ म्हणत पोरं मूर्ती आणि निर्माल्य गोळा करत उभी असतात, त्यांच्याकडे द्या.

सोसायटीत राहत असाल तर

रोज शंभर किलोच्या वर कचरा निघणाऱ्या मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायची जबाबदारी नियमाने आहे. पण लहान सोसायटीलाही एक गोष्ट सहज जमते: पार्किंगच्या कोपऱ्यात सुक्यासाठी चार गोण्या (पेपर, पुठ्ठा, प्लास्टिक, धातू-काच) आणि महिन्यातून एकदा ठरलेल्या रविवारी रद्दीवाला. तीस-चाळीस घरांचा माल एकदम मिळतो म्हटल्यावर तो टेम्पो घेऊन येतो, काच आणि टेट्रापॅकही उचलतो, आणि पैसे वॉचमन आणि सफाईवाल्या ताईंना देऊन टाकले की गोण्या नीट राहतात, कोणी उचकत नाही. मीटिंगमध्ये हा विषय काढाल तेव्हा खताचा विषय त्याच दिवशी काढू नका, दोन्ही बारगळतील. आधी गोण्या, दोन-तीन महिन्यांनी पैसे दिसले की मग खताचे ड्रम.

राहिला तो नेहमीचा टोमणा, ‘आपण वेगळा देतो आणि गाडीवाला एकत्रच करतो’. कधी कधी होतंच तसं. गाडीवाल्याशी भांडू नका, तो कंत्राटावर आहे आणि त्याला फेऱ्या पूर्ण करायच्या असतात. गाडीचा नंबर, वेळ, गल्ली आणि शक्य असेल तर फोटो, एवढं घेऊन स्वच्छता ॲपवर किंवा महापालिकेच्या ॲपवर तक्रार टाका, तक्रार क्रमांक जपून ठेवा, आणि दोन-चार दिवसांत काही झालं नाही तर तो क्रमांक घेऊन विभागीय कार्यालयात स्वच्छता निरीक्षकाला सकाळी गाठा, दुपारी ते राऊंडला असतात. एकट्याने जाण्यापेक्षा गल्लीतल्या चार-पाच घरांच्या सह्यांचा कागद न्या, पोहोच घ्या, शिक्का मारून.